दीपगृहावर आलेली हाक

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. खरं सांगायचं तर तेवढी सवड कुणाला आहे... जनावरं, ऊस, स्वयंपाक, आणि वर्षभर मुके होऊन बसलेले सासरे.

आम्ही कुंडलचे. माझे मिस्टर मिरजेच्या दवाखान्यात वारले, त्या दिवसापासून आबांनी — म्हणजे सासऱ्यांनी — तोंडातून शब्द काढला नव्हता. उमेदीची वर्षं फौजेत काढलेला माणूस, पण खाणं निम्म्यावर आलं. असंच चाललं तर आबाही जातील, असं वाटायचं. डॉक्टर म्हणाले, हवापालट करा. म्हणून फेब्रुवारीत दिरानं गाडी काढली आणि आंबा घाट उतरून आम्ही रत्नागिरी गाठली. मला विचाराल तर मला फक्त कुठंतरी पाठ टेकायची होती.

दुपारी दीपगृहावर गेलो. आबांचे गुडघे दुखतात, म्हणून ते खालीच बाकावर बसले.

"वैनी, तुमी या जाऊन वर. मी हाय हितं," दीर म्हणाला.

गोल जिना चढताना जीव मेटाकुटीला आला. वर गॅलरीत नुसता वारा, आणि समोर पाणीच पाणी.

आमच्याकडं उसाला पाणी पाजताना एकजण सरीच्या टोकाला असतो, दुसरा विहिरीवर. ऊस डोक्याच्या वर, एकमेकांना दिसत नाही... सगळा कारभार हाकेवर. पाणी टोकाला पोचलं की तो हाक देतो, मोटार बंद केल्याची ओ आली की मगच उसातनं बाहेर निघतो. उसात हे असायचे, मोटरीपाशी मी.

तर समुद्राच्या अंगानं, जिथं खाली उभा कडा आहे, तिथून हाक आली — "आलं गं पाणीऽऽ! मोटार बंद कर!"

आवाज ह्यांचाच. आणि मी, सवयच ती, मोठ्यानं ओरडले, "केली वोऽऽ!" शेजारचं जोडपं दचकून बघायला लागलं. मी तशीच भराभर खाली आले.

आबा कुंपणापाशी समुद्राकडं तोंड करून उभे होते. वर्षानंतर पहिल्यांदा बोलले.

"केलीस न्हवं बंद?"

"व्हय, आबा."

"बरं केलंस पोरी. लय दिस उभा व्हता त्यो पाण्यात."

मी तिथंच बसून रडले. त्यांच्याशेजारी उभ्या दिराला काहीच ऐकू आलं नव्हतं. ह्यांची हाक नाही, माझी ओसुद्धा नाही.

आबा आता बोलतात, भाकरी मागून घेतात. वारा होता, भास होता, दमलेलं डोकं होतं... काय म्हणायचं ते म्हणा, मला आजवर उलगडा झालेला नाही. एवढंच सलतं — ती शेवटची हाक आहे हे ठाऊक असतं, तर मी इतक्या घाईनं ओ दिली नसती.