उशिराची झाडं

१४ मार्च २००९, शनिवार. आयव्हर टनिक्लिफने लाकडाच्या वखारीत एकशे अठ्ठ्याऐंशी डॉलर चाळीस सेंट मोजले आणि प्लायवूडच्या तीन फळ्या आणि पितळी मुठींचा एक डबा घेऊन तो घरी आला. नववं आणि शेवटचं कपाट त्याला गुरुवारच्या आत पुरं करायचं होतं. गुरुवारी संग्रहालयाची बाई येणार होती.

आयव्हर अठ्ठ्याहत्तर वर्षांचा. सगळी नोकरी वांगानुईच्या रेल्वे कारखान्यात फिटर म्हणून झाली आणि घर कॅसलक्लिफला, समुद्राच्या इतकं जवळ की खिडकीच्या गजांना दरसाल रंग द्यावा लागे. तिथल्या कड्यांत शिंपल्यांचे थर आहेत, एकावर एक. हे सगळे कधीकाळचे समुद्रतळ. सात-आठ लाख वर्षांपूर्वी समुद्र चढला, उतरला, पुन्हा चढला, आणि दर खेपेला आपला तळ मागे ठेवून गेला. मोठ्या ओहोटीचा दिवस बघायचा, बादली आणि खुरपं घ्यायचं आणि कड्याखाली जायचं, हा आयव्हरचा चाळीस वर्षांचा शिरस्ता. घरी आलं की चिखल धुवायचा आणि जो शिंपला अखंड असेल, ज्याच्या कडेचा टवकासुद्धा उडालेला नसेल, तेवढाच ठेवायचा. त्याच्याखाली चिठ्ठी: तारीख आणि कड्यातला थर.

आता गुडघे साथ देत नव्हते. घर विकलं होतं, ताबा तीस एप्रिलला द्यायचा होता. म्हाताऱ्यांच्या वसाहतीत दोन खोल्या मिळाल्या होत्या, आणि त्यांत नऊ कपाटं मावणं शक्य नव्हतं. मुलगी ग्लेनिस ब्रिस्बेनला. ती फोनवर म्हणाली होती, "बाबा, विमानात मी कपडे भरू का दगड?" संग्रहालयाने नाही म्हटलं तर सगळं कचऱ्यात जाणार होतं. नोइलीनने, म्हणजे त्याच्या बायकोने, कचऱ्याचा मोठा डबा आधीच सांगून ठेवला होता. आयव्हरला तिचा राग आला नव्हता. तिचंही खरंच होतं. पण त्या दिवसापासून त्याला नीट जेवण जात नव्हतं.

गुरुवारी मेरेआना आली. चाळिशीची, माओरी, केसांत पेन खोचलेलं. खण ओढत गेली तशी तिच्या तोंडून "अगं बाई!" निघत राहिलं. आयव्हर मागे हात बांधून उभा होता. तिसऱ्या कपाटाशी तिचा हात मंदावला. पाचव्याशी ती एकेक शिंपला उलटून पाहू लागली.

"मातुआ," ती म्हणाली. वडीलधाऱ्याला तिच्याकडे असंच म्हणतात. "एक विचारू? भोकं पडलेले कुठे ठेवलेत?"

"कसली भोकं?"

"ती शिकारी गोगलगाय नाही का, शिंपल्याला गोल भोक पाडून आतला जीव खाते. तसला एकही दिसत नाही इथे."

"दिसेल कसा?" आयव्हरची मान ताठ झाली. "चाळीस वर्षांत भोकाचा एक घरात येऊ दिला नाही मी."

मेरेआना स्टूल ओढून बसली. "तिथेच तर अडलं. देखणे शिंपले आमच्या तळघरात ढिगाने आहेत. मला बघायचंय त्या समुद्रात कोण कोणाला खात होतं, किती पिल्लं वाढायच्या आत गेली, कोणाच्या पाठीवर कोणी बिऱ्हाड थाटलं होतं. ते कळतं फुटक्या, कुरतडलेल्या, भोकाच्या शिंपल्यांवरून. तुम्ही गावातले सगळे धडधाकट, नटलेले लोक निवडलेत. हा लग्नाचा फोटो झाला, मातुआ. मला खानेसुमारी हवी होती."

"म्हणजे घेणार नाही."

"शंभरेक घेईन. बाकीच्यांना जागा मागितली तर वरचे विचारणार, यातून नवीन काय कळणार? पुन्हा जाऊन आणू म्हटलं, तर कड्याचा तो भाग समुद्रानेच खाल्लाय."

आयव्हरने पितळी मूठ धरून खण हळूच आत ढकलला. मूठ नवीन होती, अजून चकाकत होती.

तेवढ्यात नोइलीन चहा आणि चीजचे स्कोन घेऊन आली. दाराआडून तिने सगळं ऐकलं होतं आणि ते लपवायची तिची तयारी नव्हती.

"काय गं, टाकलेले शिंपले हवेत तुला? ते माझ्या झाडांखाली आहेत."

"झाडांखाली?"

"हा मनुष्य ओहोटीला जायचा तो दुपारी परत यायचा. कबूल. पण कधी कधी अंधार पडला तरी पत्ता नाही! शेवटी मी सांगितलं, उशीर केलास तर येताना माझ्यासाठी एक झाड घेऊन यायचं, नाहीतर घरात यायचं नाही. मग हा झाड आणायचा, मी खड्डा खणायचे आणि त्या दिवशीची टाकाऊ बादली खड्ड्यात ओतायचे. पाणी निचरतं छान."

"आणि हायड्रेंजिया?" आयव्हर म्हणाला.

"त्याची आठवण काढू नकोस. निळी म्हणून आणलेली, सगळी गुलाबी झाली. मी त्या रोपवाल्याशी वर्षभर बोलत नव्हते."

"चुना," मेरेआना म्हणाली, आणि कप खाली ठेवून उठली. "शिंपल्यांच्या चुन्याने निळं फूल गुलाबी होतं. म्हणजे आहेत खाली अजून! पण मातुआ, उशीर कधी व्हायचा तुम्हाला?"

आयव्हरला विचार करावा लागला नाही. "नवा थर लागला की. नेहमीचाच थर असला तर दुपारी घरी. नवीन दिसला की भान राहायचं नाही."

"मग दर झाडाखाली वेगळा थर. फक्त कुठल्या झाडाखाली कुठला, ते आता कोण सांगणार?"

"मी," नोइलीन म्हणाली. "मला विचार. लिंबू, ग्लेनिसचा एकविसावा वाढदिवस. पाहुणे केक खाऊन गेले आणि हा आठ वाजता चिखलाचे बूट घेऊन दारात. फेजोआ, माझी आई दवाखान्यात होती ती संध्याकाळ. कॅमेलिया, आपल्या लग्नाचा पंचविसावा. बोल, आयव्हर, खोटं आहे का?"

आयव्हर सरळ सहाव्या कपाटाकडे गेला, दुसरा खण ओढला, चिठ्ठी वाचली आणि मेरेआनापुढे धरली. ग्लेनिसच्या वाढदिवसाची तारीख होती. त्याखाली थर.

"निवडलेले इथे, टाकलेले मुळाशी," मेरेआना म्हणाली. "दोन्ही एकत्र केले की बादली जशीच्या तशी."

"पहिली दोन वर्षं धरू नकोस," नोइलीन म्हणाली. "तेव्हाचे शिंपले मी कुटून कोंबड्यांना घातले. ते अंड्यांत गेले."

अडचण एकच होती. घराबरोबर बागही विकली गेली होती. आयव्हरने कागद वाचले होते, झाडं आता नव्या मालकाची. नवा मालक सेफो, सामोआचा, डेअरीच्या कारखान्यात ट्रक चालवायचा. आयव्हर त्याच्याकडे गेला तेव्हा भाषण पाठ करून गेला होता, पण ते तो दारातच विसरला.

"सगळी बाग खणायची?" सेफोने विचारलं. "शिंपल्यांसाठी?"

"परत लावून देतो. एकूण एक."

"हायड्रेंजिया उपटा, कॅमेलिया उपटा, माझं काही म्हणणं नाही. पण लिंबू जगलं पाहिजे हां, काका. नारळाच्या दुधात कच्ची मासळी कालवायची तर लिंबू दारात हवं. माझ्या बायकोने घर बघितलंच नाही, झाड बघितलं आणि हो म्हणाली."

"जगवतो," आयव्हर म्हणाला.

ईस्टरनंतर मेरेआना दोघा मदतनिसांना घेऊन आली. खणायचं काम त्यांनी केलं, आयव्हर पाण्याच्या नळाशी चाळणी धरून बसला. माती वाहून गेली आणि चाळणीत राहिले ते त्यानेच कधीतरी फेकलेले. एक तिसरी, म्हणजे छोटासा शिंपला, उचलून त्याने उजेडाकडे धरली. शेंड्याजवळ गोल भोक, कड उतरती, एखाद्या चांगल्या फिटरने ड्रिल मारावं तसं स्वच्छ. हे काम करणारी गोगलगाय समुद्रतळाच्या काळ्या वाळूत या तिसरीला मिठी मारून बसली असणार, पोट भरेपर्यंत. मग दुसऱ्या कोणी तिला खाल्लं असणार. हे सगळं त्याच्या हातातून गेलं होतं आणि त्याने ते टाकाऊ म्हणून ओतायला दिलं होतं. ते टिकलं, कारण कोणाचा तरी त्याच्यावर राग होता आणि तो राग ती आठवणीने खड्ड्यात पुरत होती.

नोइलीन स्टूल घेऊन शेजारी येऊन बसली. त्याने ती तिसरी तिच्या तळहातावर ठेवली.

"नोई, बरं झालं तू रागावायचीस."

"अजून रागावते. चहा गार झाला तुझा."

"तू केलंस हे सगळं, माहितेय ना."

"मी झाडं लावली, म्हाताऱ्या," ती म्हणाली. पण तिने तिसरी परत केली नाही. एप्रनच्या खिशात टाकली. मेरेआनाने ते पाहिलं आणि मुकाट्याने दुसऱ्या चाळणीकडे वळली.

नऊही कपाटं संग्रहालयाने घेतली, आणि त्यांच्याबरोबर अकरा झाडांखालचा मालही. कचऱ्याचा डबा नोइलीनने फोन करून रद्द केला. संग्रहाच्या पाटीवर कोणाचं नाव घालायचं ते विचारायला मेरेआनाचा फोन आला, तेव्हा आयव्हरने दोघांचं सांगितलं, आणि नोइलीनचं आधी. त्या रात्री तो दोनदा वाढून घेऊन जेवला.

झाडं सगळी परत लावली. दहा जगली. लिंबू जुलैत वाळलं. आयव्हरने रोपवाल्याकडे भाव विचारला, तसंच झाड चोवीस डॉलर नव्वद सेंटला आहे, पण वसंताशिवाय, म्हणजे तिथे सप्टेंबरशिवाय, येत नाही. सेफोला लिंबाचं एक झाड देणं आहे.