तीन मोटरसायकली आणि इवोर प्रदर्ख

आमच्या गावात माणसं हजारभर आणि आडनावं जेमतेम आठ-दहा. त्यामुळे माणूस ओळखायचा तो धंद्यावरून. माझं मोटारी दुरुस्तीचं दुकान, म्हणून मी हेविन गॅरेज. शाळेत इतिहास शिकवणारा तो तुदुर मास्तर. आणि टपाल वाटणारा तो ऐरविन पोस्ट. लहानपणापासूनचा दोस्त, पण त्याच्या लग्नाच्या पत्रिकेवरचं आडनाव वाचून मी क्षणभर थांबलो होतो, हा कोण म्हणून.

डोंगर फोडून पाटीचा दगड काढायचा, यावर आमच्या उत्तर वेल्समधल्या या गावाची पोटं भरली. खाणी बंद पडल्या तरी घरांची छपरं, कुंपणं, थडग्यांचे दगड, सगळं त्याच निळ्या-काळ्या पाटीचं. पावसात सारं गाव चकाकतं. त्या घसरड्या, चढ्या गल्ल्यांतून ऐरविननं तीस-बत्तीस वर्षं टपाल वाटलं. उंचापुरा, किंचित पोक काढून चालणारा, बोलायला कमी.

इंग्लंडातून येणाऱ्या पत्रांवर आमची नावं कशी लिहिलेली असत, ते विचारू नका. आमची भाषा त्यांच्या कानांना झेपत नाही. ऐकू येईल तसं लिहितात. एकदा 'मिस पेनी के' नावाचं पत्र आलं. पोस्टातले सगळे हसले. ऐरविननं ते उचललं आणि सरळ पेन-अ-काय नावाच्या घरी नेऊन दिलं. तिथं कोण राहायचं? साठीचा एक एकटा मेंढपाळ. पत्र त्याचंच होतं. "डोळ्यांनी वाचायचं नाही," ऐरविन म्हणायचा, "तोंडानं म्हणून बघायचं. मग कळतं कुणाचं ते."

त्याच्या फेरीतलं शेवटचं घर टान-अ-ग्राइग. म्हणजे खडकाखालचं घर. तिथं लाउरीमावशी राहायची. लग्न केलं नव्हतं, चॅपेलमध्ये चाळीस वर्षं ऑर्गन वाजवलेला, आणि जीभ अशी की पाद्रीबुवासुद्धा जपून असत. पत्र असो-नसो, ऐरविन तिच्याकडे चहा घेऊनच खाली उतरायचा.

तिचा थोरला भाऊ इवोर. इवोर प्रदर्ख. पहिल्या महायुद्धात अठराव्या वर्षी पलटणीत भरती झाला, तेव्हा ती अकरा वर्षांची. पुढच्या वर्षी फ्रान्समधून गावातल्याच एका पोरानं आपल्या घरी लिहिलं, की मामेत्झच्या जंगलातून इवोर परत आला नाही. बस्स, तेवढंच. त्याच्या आई-वडिलांना सरकारी कागद म्हणून कधी आलाच नाही. आई म्हणायची, कागद नाही म्हणजे तो आहे. चॅपेलच्या भिंतीवर मेलेल्या पोरांच्या नावांची पाटी बसवली, तेव्हा तिनं त्याचं नाव घालू दिलं नाही. मग लोकांच्या जिभा सुटल्या. पळाला असेल. फ्रान्समध्ये एखादीच्या घरात शिरून बसला असेल. गल्लीत पोरं लाउरीला चिडवायची, "तुझी फ्रेंच वहिनी कशी आहे गं?"

म्हातारपणी तिनं लंडनच्या एका कचेरीला लिहिलं. उत्तर आलं, या नावाच्या सैनिकाची नोंद नाही. ते पत्र ऐरविननंच तिच्या हातात दिलं होतं.

"मेलेल्यांत नाही, जिवंतांत नाही," ती म्हणाली. "मग गेला कुठं रे माझा भाऊ?"

हे ऐकलं आणि ऐरविन खाली माझ्या गॅरेजात आला. मी एका गाडीखाली होतो, मला फक्त त्याचे बूट दिसत होते.

"हेविन, तू आणि तुदुर उन्हाळ्यात फ्रान्सला निघालाय ना?"

"हो. मोटरसायकली घेऊन. तुदुरला सैन्य उतरलं ते किनारे बघायचेत, दुसऱ्या युद्धातले."

"मी येतो."

मी गाडीखालून बाहेर आलो. हा माणूस कधी लंडनपलीकडे गेलेला नव्हता. "मेन्ना सोडेल तुला?"

मेन्ना त्याची बायको. तिनं सोडलं, पण मला बजावून. "तिकडं रस्त्याच्या उजवीकडनं चालवतात म्हणे. हा चमचा कुठल्या हातात धरायचा ते विसरतो. लक्ष ठेव."

ते अठ्ठ्याऐंशी साल. आम्ही पन्नाशी ओलांडलेले तिघे, तीन जुन्या गाड्या, आणि मेन्नानं दिलेले मनुकांच्या ब्रेडच्या चार लाद्या. पहाटे निघालो तर गावातली निम्मी माणसं दारात. बोटीतून उतरल्यावर पहिल्याच चौकात ऐरविन चुकीच्या बाजूला वळला, एका पाववाल्याची गाडी करकचून थांबली, आणि तो पाववाला जे काही बोलला ते तुदुरनं भाषांतर करून सांगायचं नाकारलं.

मामेत्झच्या जंगलासमोर आम्ही उभे राहिलो तेव्हा ऊन होतं. टेकाडावर आमच्या वेल्सच्या लाल ड्रॅगनचा पुतळा, आदल्याच वर्षी बसवलेला, जंगलाकडे तोंड करून. आमची हजारो पोरं तिथं पडली. आणि बघावं तर साधं जंगल. पक्षी ओरडताहेत, कडेला बीटचं शेत. तुदुर एरवी वर्गात तासभर बोलतो. तिथं तो नुसता हेल्मेट काढून उभा राहिला.

त्या भागात दर दोन-तीन मैलांवर सैनिकांचं कबरस्तान. दाराशेजारच्या भिंतीत पितळी दाराचं छोटं कपाट, आत नावांची वही. आम्ही ठरवलं होतं एक दिवस. तो संपला, दुसरा संपला, तरी ऐरविन हलेना. प्रत्येक वही तो पहिल्या नावापासून शेवटच्या नावापर्यंत वाचायचा, ओठ हलवत.

तिसऱ्या दिवशी तुदुर चिडला.

"अरे बाबा, 'पी' काढ. प्रदर्ख नाही? वही मिट, चल पुढं! 'ए'पासून काय वाचत बसतोस?"

"पत्र भलत्याच खणात पडलं असेल, तर बरोबर खणात शोधून काय मिळणार?"

"मी समुद्रकिनारे बघायला आलोय. वह्या तपासायला नाही. वह्या मी घरी वर्षभर तपासतो!"

"मग जा ना. मी धरून ठेवलंय?"

"हेविन, सांग याला!"

मी काय सांगणार? दोघांचंही खरं होतं. शेवटी ऐरविन उठला, हेल्मेट चढवलं आणि म्हणाला, "ठीक आहे. चला किनाऱ्यावर." पण त्याचा चेहरा बघवत नव्हता.

निघालो, आणि चार मैलसुद्धा झाले नसतील, तुदुरच्या गाडीची साखळी तुटली. समोरच एक शेतघर होतं. घरातली बाई बाहेर आली, जाडजूड, मातीत माखलेले रबरी बूट. तिनं गाडीकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं, आणि काही न विचारता आत जाऊन कॉफीचं भांडं घेऊन आली. अंगणाच्या कोपऱ्यात गंजक्या लोखंडाचा ढीग होता. तोफेचे गोळे, काटेरी तार, खोऱ्यांची पाती. तुदुरनं विचारलं तर ती म्हणाली, दर नांगरणीला निघतात. सत्तर वर्षं झाली, जमीन अजून ओकतेच आहे.

मी साखळीला हात घातला. ऐरविन कॉफी पिऊन कंटाळला. शेतापलीकडे आणखी एका कबरस्तानाची बुटकी भिंत दिसत होती. "तेवढं बघून येतो," म्हणाला. तुदुर अडवणार कुठल्या तोंडानं? साखळी त्याच्याच गाडीची होती.

अर्ध्या तासानं तो बीटच्या सरींमधून परत येताना दिसला. हळूहळू चालत होता. माझे हात वंगणानं काळे झालेले.

"हेविन," तो म्हणाला, "टॅनरग्रेग म्हणजे काय?"

"असेल कुणी इंग्रज."

"माणसाचं नाव नाही. राहण्याचं ठिकाण आहे. तोंडानं म्हणून बघ."

"टॅनरग्रेग. टॅनर ग्रेग. टान्नर..."

"टान-अ-ग्राइग," तुदुर मागून हळूच म्हणाला. त्यानं कप खाली ठेवला.

आम्ही तिघं शेतातूनच धावलो. वहीत 'आर'च्या पानावर ओळ होती: रॉडरिक, आय., वेल्श पलटण, दहा जुलै एकोणीसशे सोळा, राहणार टॅनरग्रेग, उत्तर वेल्स. प्रदर्ख म्हणजे रदर्खचा मुलगा, आणि रदर्खचं इंग्रज लोक रॉडरिक करतात. भरतीच्या टेबलामागं बसलेल्या कुणा कारकुनानं ऐकलं तसं लिहिलं. इवोरला इंग्रजी ते कितीसं येत असणार? त्यानं मान हलवली असेल. आणि त्या भलत्या नावानं तो लढला, मेला, पुरला गेला.

"मी इतिहासाचा मास्तर," तुदुर कपाळाला हात लावून म्हणाला, "आणि हे मला सुचू नये!"

तिसऱ्या रांगेत तो दगड होता. पुढं गुलाबाचं झुडूप. ऐरविननं हेल्मेट काढलं, टपाल देताना दारावर वाजवतो तसं बोटाच्या पेरानं दगडावर हलकेच दोनदा वाजवलं. "इवोर," म्हणाला, "लाउरीकडनं आलोय." मग तो मटकन खाली बसला आणि लहान मुलासारखा रडला. त्याला रडताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही.

किनारे आम्ही पाहिलेच नाहीत. तुदुरनंच सांगितलं, घरी चला.

गावात पोचलो ते अंगावरच्या धुळीसकट सरळ टान-अ-ग्राइगवर. लाउरीमावशी दारातच होती. ऐरविननं तिला खुर्चीत बसवलं आणि सगळं सांगितलं.

"रॉडरिक," ती म्हणाली. "रॉडरिक. आलं होतं रे पोरा, पत्र आलं होतं."

"कुठलं पत्र?"

"त्या उन्हाळ्यात. लांबडं, सरकारी. आईला इंग्रजी येत नव्हतं, मीच वाचलं नाव. रॉडरिक. आई म्हणाली, हे आपलं नाही. पोस्टमनला परत देऊन टाक. मी रस्त्यापर्यंत धावत जाऊन दिलं." तिनं एप्रनचा काठ बोटांत धरला. "त्या दिवशी आई इतकी खूश होती! आपलं नाही म्हणून. संध्याकाळी तिनं गोड केलं होतं."

ऐरविन उठला आणि त्यानंच चहा टाकला.

चहा पिऊन झाल्यावर मावशी म्हणाली, "मला ने तिथं."

"मावशी, तू चौऱ्याऐंशीची आहेस. मोटरसायकलीवरनं?" ऐरविन म्हणाला.

"मग काय उडत जाऊ? विमानाची भीती वाटते मला. ती बाजूला टोपली असते ना, तुझ्या लग्नात काकानं आणली होती, तसली लाव."

टोपली, म्हणजे साइडकार, मी हिवाळाभर खपून जोडली. डॉक्टरांनी सांगितलं, या वयात हे धाडस नको. मावशी म्हणाली, "डॉक्टर, ते एकोणीसशे सोळा सालीच करायला हवं होतं, उशीर मलाच झालाय." पुढच्या जूनमध्ये निघालो. मावशीच्या डोक्यावर चामडी टोपी, डोळ्यांवर गॉगल, मांडीवर ब्लँकेट. वाटेत प्रत्येक सिग्नलला पोरं हात करायची आणि ती राणीसारखा हात हलवायची. ऐरविननं त्या पाचशे मैलांत एकदाही ताशी चाळीसच्या वर काटा जाऊ दिला नाही. ती खेकसायची, "अरे, मागून ट्रॅक्टर येतोय, तो पुढं जाईल आता!"

कबरस्तानात तिनं आम्हाला दारातच थांबवलं. "तुम्ही इथंच राहा. घरचं बोलणं आहे." आम्ही भिंतीवर बसून राहिलो. ती घडीच्या खुर्चीवर दगडासमोर बसून बोलत होती, हातवारे करत, मध्येच बोट दाखवत, एकदा तर चक्क हसताना दिसली. काय बोलली ते तिनं सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. तासाभरानं तिनं हाक मारली, "चला रे. मला भूक लागलीय."

दगडावरचं नाव बदलायला मात्र चार वर्षं गेली. ऐरविनला इंग्रजी पत्रं लिहायचा कंटाळा; तुदुर मजकूर सांगायचा, तो लिहायचा. बाप्तिस्म्याचा दाखला, शाळेचा पट, शपथपत्रं. मंजुरीचं पत्र आलं तेव्हा मावशीला जाऊन आठ महिने झाले होते. चॅपेलच्या पाटीवर मात्र तिच्या डोळ्यांदेखत इवोरचं नाव कोरलं गेलं. एका दुपारी पाथरवट आला, ती त्याच्यामागं खुर्ची टाकून बसली आणि दर अक्षराला त्याला स्पेलिंग सांगत राहिली. तो बिचारा म्हणाला, "मावशी, मी इथलाच आहे." "असशील," ती म्हणाली, "तरी सांगते."

नवा दगड बघायला आम्ही तिघं गेलो, तेव्हा तुदुरला एकदाचे त्याचे समुद्रकिनारे दाखवले. वाळूत बूट काढून उभा राहिला आणि म्हणाला, थंडी फार आहे. त्यानंतर आम्ही सहा-सात उन्हाळे गेलो असू, कधी बेल्जियम, कधी आर्देनचं जंगल. तुदुर जाऊन आता अकरा वर्षं झाली. गॅरेज माझा जावई बघतो. ऐरविनचे गुडघे गेले, पण डोकं शाबूत आहे. शनिवारी दुपारी येतो, मेन्नानं दिलेलं काहीतरी डब्यात घेऊन.

परवा मी त्याला म्हटलं, "जाऊन यायचं का रे पुन्हा एकदा?"

"मोटरसायकलीनं?"

"वेडा आहेस का? गाडीनं. माझी नात चालवेल."

त्यानं खिडकीबाहेर पाहिलं, पाऊस पडत होता, समोरची छपरं चकाकत होती.

"गाडीत वारा लागत नाही रे," तो म्हणाला, आणि किटलीतला उरलेला चहा स्वतःच्या कपात ओतून घेतला.