त्याच्या नावची मूठ

श्रावणात आमच्याकडे खानदेशात घरोघरी कानबाई देवी बसते, तेव्हा पोटासाठी सुरतेला गेलेला माणूसही रोट खायला गावी येतो. रोट म्हणजे घरातल्या पुरुषांमागे सव्वा सव्वा मूठ गहू घेऊन, ते जात्यावर दळून केलेला कानबाईचा नैवेद्य. तो फक्त कुळातल्या माणसांनी खायचा. उंबऱ्याबाहेर न्यायचा नाही, उरवायचा नाही, ताटं धुतलेलं पाणीदेखील परसात खड्डा करून जिरवायचं. बोलायला लागलो तेव्हापासून मला हे ठाऊक होतं, आणि मुंबईला चित्रकला शिकायला गेल्यापासून मला याची लाजही वाटू लागली होती.

शेवटच्या वर्षी मी वर्गातल्या एका मित्राला कानबाईसाठी गावी घेऊन आलो. तो नायजेरियाचा, सरकारी शिष्यवृत्तीवर आलेला. त्याच्या देशावर अजून इंग्रजांचं राज्य होतं. मुंबईत त्याला कुणी खोली देईना, म्हणून तो वसतिगृहातच राहायचा. सुटीत वसतिगृह ओस पडायचं आणि हा एकटा खिडकीत बसून राहायचा. मला त्याची दया आली होती असं मी तेव्हा म्हणत असे. खरं तर असा मित्र आपल्याला आहे याची मला मोठी घमेंड होती.

जळगावला गाडी बदलून आम्ही अमळनेरला उतरलो आणि तिथून बैलगाडीने गावी पोचलो. गाव लोटलंच बघायला. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, सगळ्यांना चहा पाजून वाटेला लावलं. आई मात्र ओल्या चुन्याच्या हातांनीच बाहेर आली, त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि परत भिंतीकडे वळली. कानबाई बसायच्या आधी घर पांढरं झालंच पाहिजे, पाहुणा येवो की राजा येवो.

चुना वाळला तशी ती गेरूने भिंतीवर काढायला बसली. काडीला कापूस गुंडाळून सूर्य, चंद्र, नाग, पाळणा. मी लहानपणापासून ते पाहत होतो आणि आता त्यात मला फक्त चुका दिसत होत्या. पाळणा तिरका, नागाला मान नाही. आम्ही मुंबईत नाक तुटलेल्या ग्रीक देवांचे प्लॅस्टरचे पुतळे पेन्सिलीने घोटून घोटून काढत होतो, त्यात माझा नंबर वरचा होता.

तो बूट काढून आईशेजारी उकिडवा बसला. तिची बोली त्याला कळत नव्हती, त्याचं इंग्रजी तिला. मी मध्ये दुभाष्या. त्याने विचारलं, दोन चित्रांमध्ये एवढी मोकळी जागा का सोडता? आई म्हणाली, देवीला बसायला जागा नको का? ते सांगताना मी ओशाळून हसलो. तो हसला नाही. म्हणाला, आमच्याकडेही बायका मातीच्या भिंतींवर काढतात, माझी आई काढते, पावसाने धुऊन गेलं की पुन्हा काढते. शाळेत त्याला शिकवलं होतं की चित्र म्हणजे कागदावर, सावलीसकट. त्यामुळे स्वतःच्या आईच्या भिंतीला चित्र म्हणायचं त्याला कधी सुचलंच नव्हतं.

आईने त्याला परसातली एक भिंत दिली. त्याने त्याच काडीने एक रेघ काढली, ती वळत वळत स्वतःभोवती फिरली आणि थांबली. बाकी सगळी भिंत कोरी. आई बराच वेळ बघत राहिली.

"याना हात हालका शे," ती म्हणाली. मी एवढी वर्षं शिकत होतो, माझ्या हाताबद्दल ती कधी काही बोलली नव्हती. मला ते लागलं.

कानबाई बसली. संध्याकाळी रोटाची पंगत आत मांडली. ओट्यावर दोन पाट वेगळे होते, एक त्याचा आणि एक माझ्या थोरल्या बहिणीचा. ती सणाला माहेरी आली होती, पण लग्न झालं की मुलीचं कूळ बदलतं, माहेरचा रोट तिला चालत नाही. दोघांच्या ताटात वरणभात, पुऱ्या, भजी, सगळं गरम गरम आणि आतल्यापेक्षा जास्तच वाढलेलं. बहीण त्याला हातवारे करून जेवायचा आग्रह करत होती, तोही मजेत होता. अपमान झाला होता तो एकट्या माझा.

मी आत जाऊन आईला म्हणालो, त्याला बाहेर बसवतेस, मग मुंबईच्या घरमालकांत आणि तुझ्यात फरक काय? ती गोंधळली. मुंबईचे घरमालक तिला काय माहीत.

"भाऊ, मी मनी पोटनी पोरले बी दिधा नही," ती हळू आवाजात म्हणाली. "रोट कुळनाच शे."

मी तडक माझ्या पाटाकडे गेलो. स्वतःच्या ताटातला रोट उचलला, बाहेर गेलो आणि त्याच्या ताटात ठेवला. बहीण पाटावरून उठली. आबांनी घास खाली ठेवला. त्याने बिचाऱ्याने मला धन्यवाद दिले आणि रोट खाल्ला.

आई दारात उभी होती. मला वाटलं, आता ती रडेल किंवा देवीपुढे नाक घासेल. तिने त्याचं जेवण होऊ दिलं. मग त्याचं ताट स्वतः उचललं, आमच्या ताटांसोबत धुतलं आणि ते पाणी परसातल्या खड्ड्यात ओतलं. मी मनात म्हणालो, जिंकलो.

परतीच्या गाडीत मी त्याला ही शौर्यकथा सांगितली. आईने होकार दिला होता का, एवढंच त्याने विचारलं. नाही म्हटल्यावर म्हणाला, "तू ते माझ्यासाठी वाढलं नाहीस. स्वतःसाठी वाढलंस." त्याच्या गावीही अशा जागा होत्या, जिथे त्याच्या आईने नको म्हटलं तर तो पाऊल टाकत नसे. आईची माफी माग, असं त्याने मला दोनदा सांगितलं. मी हो म्हणालो आणि मागितली नाही.

त्यानंतर त्याने पुतळे घोटणं सोडलं. सरांची बोलणी खाऊनही तो त्या मोकळ्या रेघा काढत राहिला आणि शिक्षण संपल्यावर मायदेशी गेला. मी धुळ्याला चित्रकला शिक्षक झालो. पोरांकडून सुरई आणि ठोकळे काढून घेऊ लागलो.

दर श्रावणात गावी गेलो की आई विचारायची, "कानबाई उनी. त्याले कळाडं का?" कळवलं, असं मी म्हणायचो. मला वाटायचं, म्हातारी माया करते. त्याला पत्र मी एकही लिहिलं नाही. काय लिहिणार होतो?

मग त्याचा देश स्वतंत्र व्हायचा होता त्या वर्षी, धुळ्याच्या वाचनालयात एका इंग्रजी मासिकात तिथल्या तरुण चित्रकारांवरचा लेख माझ्या हाती लागला. परदेशी शाळांत शिकून आलेली ही मुलं आता आपल्या गावच्या भिंती, मुखवटे, नक्षी पुन्हा निरखत होती आणि त्यातून नवीनच काही काढत होती. त्यात त्याचं चित्र होतं. एक रेघ, स्वतःभोवती फिरून थांबलेली, आणि भोवती मोकळी जागा. मी ग्रंथपालांच्या हातापाया पडून ते मासिक चार दिवसांसाठी मागून घेतलं आणि कानबाईच्या सणाला गावी नेलं.

आई गहू काढत बसली होती. तिने पानावरून बोट फिरवलं.

"हाऊ त्यानाच हात शे. बरा शे म्हना तो." आणि तिने एवढा मोठा श्वास सोडला की मी तिच्याकडे बघतच राहिलो. ती मुठी मोजू लागली. आबांची, माझी, धाकट्या भावाची. मग आणखी एक. मी विचारलं, ही कुणाची? तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी शुद्धीवर नाही. ज्याने रोट खाल्ला तो कुळातला झाला. त्याच्या नावची मूठ ती त्या वर्षापासून दर श्रावणात घालत होती, तो येत नाही म्हणून त्याचा रोट स्वतः खात होती, आणि रोट चुकला की देवी कोपते, तर त्याला काही होऊ नये म्हणून देवीपुढे पदर पसरत होती. मी कळवलं असं सांगत होतो, म्हणून वाट बघत होती.

तिने सुपात आणखी एक मूठ टाकली.

"लगीन बी व्हयेल व्हई त्यानं आते. एखादा पोऱ्या बी व्हयेल व्हई."

आई, मी त्याला कधीच कळवलं नाही, असं मी तिला तेव्हा सांगितलं. ती रागावली नाही. दळण झालं, नैवेद्य झाला, पंगत बसली. तिने माझ्या ताटात माझा रोट वाढला, त्यावर त्याचा ठेवला, त्यावर त्याच्या न पाहिलेल्या मुलाचा.

"तूच वाढा व्हता ना?" ती म्हणाली. "मंग आते तूच खाय."

पाण्याच्या घोटाबरोबर एकेक घास ढकलत मी ते सगळे रोट खाल्ले. उरवायचं नसतं.