गळ्याइतकी रेघ

मालनचा बाप धाकू चौऱ्याण्णवच्या पुरात राहत्या घरात बुडाला, असं तिला सांगितलं होतं. ती तेव्हा डोंबिवलीला सासरी होती. माहेर कल्याणच्या पलीकडे, खाडीकाठच्या एका लहान कोळीवाड्यात. बाकीची माणसं देवळाच्या उंचवट्यावर गेली, धाकू जाळी वाचवायला मागे राहिला आणि पाणी चढलं, अशी ती हकीकत. पुरावा दारावरच होता. त्या वाड्यात पूर ओसरला की घरातली थोरली बाई पाणी जिथवर आलं तिथे चौकटीवर हळदीची रेघ ओढते. त्या वर्षीची रेघ मालनच्या गळ्याला लागत होती.

पुढे नौपाड्यातल्या एका कचेरीत ती नकाशे काढू लागली. सोहोनी साहेब तिथे कंप्युटरवर उल्हास नदीचा तोच चौऱ्याण्णवचा पूर उभा करत होते. पाऊस किती, पात्र किती खोल, काठ किती खडबडीत, हे सगळं यंत्राला सांगायचं आणि यंत्रानं पाणी कुठवर जाईल ते दाखवायचं. कोळीवाड्यातल्या रेघा मालननंच मोजून आणल्या होत्या. घरोघर एकाच उंचीच्या.

"तुमच्या गावानं माझं मॉडेल बुडवलं," सोहोनी म्हणाले. "तिथे गळ्याइतकं पाणी आणायला नदी एवढी अडवावी लागते की कल्याणचा बाजारही बुडतो. बाजारात तर टिपूस नव्हता."

"रेघा खोट्या नसतात, साहेब."

"मग नदी खोटी असेल."

त्याच आठवड्यात त्या पुराचं उपग्रहानं काढलेलं जुनं चित्र हाती आलं. पूर ऐन भरात असताना, भर दिवसा, ढगांच्या आरपार रडारनं टिपलेलं. संथ पाणी त्यात काळं दिसतं, घरं आणि झाडं पांढरी. खाडी, शेतं, मिठागरं, सगळं काळं होतं. मधोमध कोळीवाडा मात्र हाडासारखा पांढरा, कोरडा.

मालन रजा टाकून माहेरी गेली.

तिची आई चंद्रभागा ओट्यावर सुकट निवडत होती. मालननं चौकटीवरच्या रेघेला बोट लावलं.

"आये, इथवर पाणी आलंच नव्हतं."

"तुला कोनी सांगतलं?"

"वरून फोटो काढलाय."

"वरून," चंद्रभागेनं आभाळाकडे पाहिलं, जणू कुणी शेजारीण वाकून बघत होती. "मंग तुज्यापासून काय लपवायचं? पानी ओट्याला पन नाय लागलं. आमी समदी हितंच उभी व्हतो."

"मग बा?"

"भर दिसा, पानी ऐन भरात व्हतं. हाक आयली म्हनाला. मी म्हटलं, कोनाची? म्हनाला, पोरीची. 'बा, घरी ये,' म्हनते. मी म्हटलं, येडा झालास काय, पोर डोंबिवलीला. त्यानं होडी सोडली. पान्यावर जरा पन लाट नव्हती गो. मधोमध जाऊन थांबला, कान देऊन. मंग होडी व्हती, तो नव्हता."

मालननं रेघेवरचं बोट काढून घेतलं.

"तुजी हाक व्हती हे तुला कसं सांगनार? म्हनून रेघ वर ओढली. शेजारची केशरबाय म्हनाली, पानी एकल्या तुज्याच घरात उंच कसं दिसंल? मंग समद्यांनी ओढली."

परतल्यावर मालननं सोहोनींना एवढंच सांगितलं, "रेघा चुकीच्या आहेत. काढून टाका."

"तुम्हीच म्हणालात, खोट्या नसतात."

"खोट्या नव्हेत, वाड्यातल्या बायांची माया होती ती."

सोहोनींनी रेघा काढल्या, चित्रातल्या काठाशी जुळवत यंत्र पुन्हा चालवलं. पडद्यावरचं पाणी बाजारातून सरकलं, कोळीवाड्याभोवती येऊन थांबलं. चित्राशी काठ तंतोतंत जुळला. ते खूश होऊन चहा सांगायला जिन्याकडे गेले. जाता जाता म्हणाले, "चित्रातले पाण्यातले ठिपके तेवढे पुसा. रडारचे खोटे कण असतात ते, खरं काही नसतं."

मालन एकेक ठिपका पुसत गेली. कोळीवाड्यासमोरच्या काळ्यात एक उरला. बाकीच्यांपेक्षा उजळ, होडीएवढा लांबट. पाणी ऐन भरात, भर दिवसा, आणि तो मधोमध थांबलेला. तिनं त्याच्यावर माऊस नेला. बोट दाबेना. खाली बाजारपेठेत रिक्षा वाजत होत्या, तरी कचेरीत अशी शांतता होती की कुणी कान देऊन बसलं असावं.

"बा," ती हलकेच म्हणाली, "घरी ये."

शब्द तोंडाबाहेर पडले आणि तिला ते ओळखू आले. तिनं दोन्ही हातांनी तोंड घट्ट दाबून धरलं.

"कोणाला हाक मारलीत?" सोहोनींनी जिन्यातून विचारलं.

तिनं तोंडावरचे हात काढले नाहीत. पुन्हा आवाज त्याच्यापर्यंत जाईल, एवढीच तिला भीती होती.