काढून ठेवलेली वायर

संगणक दुरुस्त करणाऱ्या त्या माणसाला गल्लीत सगळे मास्तर म्हणायचे, कारण गिऱ्हाइकाला अर्धा तास शिकवल्याशिवाय तो यंत्र हातात देत नसे. त्याचा आवडता धडा एकच. नवीन सिस्टिम टाकायची म्हणजे संगणकातलं सगळं पुसायचं. पण त्याआधी ड्रायव्हर बाजूला काढून ठेवायचे. "ड्रायव्हर म्हणजे दुभाषा," तो सांगे. "प्रिंटर एक भाषा बोलतो, संगणक दुसरी. दुभाषा हरवला की दोघं एकमेकांची तोंडं बघत बसतात." बावीस वर्षांत त्याच्या हातून एकाही गिऱ्हाइकाचा ड्रायव्हर गेला नव्हता.

त्याची थोरली बहीण, ताई, त्याच्याच घरी राहायची. टेलिफोन ऑपरेटर म्हणून तिने उभी हयात काढली होती. तोंडाचा पट्टा असा, की चुकीचा नंबर लागलेला माणूससुद्धा पाच मिनिटं बोलून मग फोन ठेवायचा. मग स्नायूंचा आजार आला. आधी हात गेले, मग पाय, मग जीभ. उरला तो उजवा गाल, आणि डोळे.

त्या गालासाठी मास्तरने एक डबी मिळवली होती, काडेपेटीएवढी. तिची वायर संगणकाला आणि तिचं चिमुकलं टोक ताईच्या गालाला चिकटवलेलं. पडद्यावर अक्षरं ओळीने उजळत जायची. हवं ते अक्षर आलं की ताई गाल हलवायची. वाक्य पुरं झालं की संगणक ते सपाट आवाजात म्हणून दाखवायचा. एका दोन माणसांच्या कंपनीने ती डबी बनवली होती. त्यांच्यातलाच एक जण येऊन बसवून गेला, आणि वर्षभरात ती कंपनी बंद पडली.

ताईचं बोलणं मात्र सुरू झालं ते झालंच. मास्तरच्या टकलापासून शेजारणीच्या गाण्यापर्यंत तिने कशालाच सोडलं नाही. "ताई, तुमच्या जिभेला काही हाड?" मास्तरची बायको एकदा हसत म्हणाली. दोन मिनिटांनी संगणक बोलला, "जीभच कुठे आहे?"

पण संगणक म्हातारा झाला होता. एकेका अक्षराला दहा दहा सेकंद लागायला लागले.

"उद्या दुपारी नवीन सिस्टिम टाकतो," मास्तर म्हणाला. "दोन तास गप्प बसावं लागेल."

"प्रयत्न करते," ताईने लिहिलं.

दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर त्याने कामाला सुरुवात केली. डबीवर धूळ बसली होती, म्हणून वायर काढून त्याने ती पुसली आणि खिडकीत ठेवली. मग ड्रायव्हर साठवणारा प्रोग्रॅम चालवला. यादी सरसर खाली गेली: आवाज, पडदा, प्रिंटर, नेटवर्क. सगळं पेनड्राइव्हवर उतरलं. त्याने संगणक पुसला.

चारच्या सुमाराला त्याने डबी जोडली. पडद्यावर पिवळं चिन्ह आलं. ड्रायव्हर सापडत नाही.

त्याने पेनड्राइव्ह तीन वेळा धुंडाळला, आणि मग त्याला कळलं. तो प्रोग्रॅम जोडलेल्या यंत्रांचेच ड्रायव्हर उचलायचा. त्याला हे माहीत होतं. 'आधी सगळं जोडून ठेवा,' असं त्याने शेकडो लोकांना सांगितलं होतं.

ताई त्याच्याकडे बघत होती.

"थोडा वेळ लागतोय," तो म्हणाला.

पुढचा महिना त्याने पायाला भिंगरी लावली. कंपनीचा नंबर अस्तित्वात नव्हता. डबी बसवून गेलेल्या माणसाच्या पत्त्यावर भलतंच बिऱ्हाड होतं. पुसलेला मजकूर परत मिळवून देणाऱ्या एका ओळखीच्या कारागिराकडे त्याने डिस्क नेली. कारागिराने दोन दिवस खटपट करून ती परत केली. "त्याच जागेवर नवीन सिस्टिम बसलीये, मास्तर. खालचं हाती लागायचं नाही. तुम्हाला मी काय सांगणार?"

मास्तरने दुसऱ्या बनावटीच्या डबीची मागणी नोंदवली. ती ताईच्या मापाने बनवून परदेशातून यायची होती. सात-आठ महिने, असं उत्तर आलं.

तेव्हा कुठे त्याने ताईला खरं सांगितलं: डबीची वायर निघालेली होती, म्हणून तिचा ड्रायव्हर पुसला गेला. मग तो उशाशी बसून अक्षरं म्हणू लागला. हवं ते अक्षर आलं की ती डोळे मिटायची. पाव तासाने तिचे दोन शब्द पुरे झाले: वायर कुणी?

"मीच काढली," तो म्हणाला.

त्या दिवशी ताईने पुढचं अक्षर निवडलं नाही. नंतर ती बोलायची, पण गरजेपुरतं. पाणी. कूस. पंखा. एक थट्टा करायची तर अर्धा तास, आणि तेवढ्यात थट्टेतला जीवच जायचा. बायको म्हणाली, "स्वतःला किती खाल? मुद्दाम केलंत का?" दुकानात त्याने शिकवणं बंद केलं. यंत्र द्यायचा आणि मान खाली घालायचा.

आठव्या महिन्यात नवी डबी आली. त्याने ती जोडली, टोक ताईच्या गालाला चिकटवलं. पडद्यावर अक्षरं उजळू लागली. एक फेरी झाली, दुसरी झाली. गाल हलला नाही.

"कधीपासून हलत नाहीये?" बायकोने हळूच विचारलं.

त्याला सांगता येईना. इतके महिने दोघं ताईच्या डोळ्यांकडेच बघत होती.

अक्षरं तशीच फिरत राहिली. शेवटी त्याने पडदा बंद केला, खुर्ची पलंगाजवळ ओढली आणि पहिल्यापासून अक्षरं म्हणायला लागला. ताईने नजर त्याच्यावरून छताकडे वळवली. तो 'ज्ञ'पर्यंत पोहोचला तरी तिने डोळे मिटले नाहीत.