तिला न सांगितलेली बातमी

कपाशीतले कोळी मोजायची कल्पना तिची होती, हे आधीच सांगून टाकते. फोटो मात्र सगळे माझे.

आम्ही दोघी अकोल्याच्या एका महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवायचो. ती अकोल्यातच राहायची, मी अमरावतीहून रोज रेल्वेनं जायची-यायची. मूर्तिजापूरजवळ माझ्या भावाचं शेत आहे. तीन हंगाम आम्ही आमचे रविवार तिथं घालवले. कोणत्या झाडावर किती कोळी, ते काय खातात, हे ती वहीत लिहायची. मी काळ्या मातीत गुडघे टेकून, श्वास रोखून कॅमेरा धरायची. कोळी पाय झटकून उडी मारायच्या आत टिपावं लागतं. माझी सुती साडी त्यापायी वाया गेली, सलवार-कमीज मी तेव्हापासून घालू लागले.

तिसऱ्या वर्षी तिनं इंग्रजीत सारांश लिहून अमेरिकेतल्या एका परिषदेला पाठवला. दोघींची नावं, तिचं आधी. निवड झाली. प्रवासाचा खर्च एकीचाच मिळणार होता. कोण जाणार हे कोणी विचारलंच नाही. मीच हसून म्हणाले, "तूच जा." स्टाफरूममध्ये पेढे वाटले गेले, त्यातला एक मी घरी नेऊन नवऱ्याला दिला. मला तो खाववेना.

नंतरचा महिना मी जळत होते. दुसरा शब्द नाही त्याला. तिनं बंद बूट घेतले, मला ते बेढब दिसले. ती इंग्रजी वाक्यं पुटपुटत वर्गाकडे जायची, मला तिचे उच्चार खटकायचे. एकदा विद्यार्थिनी तिच्या लॅपटॉपवर फोटो बघत म्हणाल्या, "मॅडम, किती सुंदर काढलेत!" ती म्हणाली, "हो ना." एवढंच. ते दोन शब्द मी रोज गाडीत बडनेऱ्यापर्यंत चघळत यायची.

ते २०१७ साल होतं. एका सकाळी गाडीत पेपर उघडला, तर आतल्या पानावर बातमी होती: आखातातल्या काही शहरांतून अमेरिकेला जाणाऱ्या विमानांत मोबाइलपेक्षा मोठं उपकरण सोबत घेऊन बसता येणार नाही. लॅपटॉप, टॅब, कॅमेरा, सगळं चेक-इनच्या सामानात टाकायचं. खाली शहरांची नावं होती. तिचं विमान त्यांतल्याच एका शहरात बदलणार होतं.

तिचा लॅपटॉप जुना होता. बिजागरी सैल, धक्का लागला की पडदा काळा व्हायचा. म्हणून ती तो मांडीवर, लेकरासारखा घेऊन बसायची. आणि भाषणाच्या स्लाइड अजून झाल्या नव्हत्या. तिचं ठरलेलं होतं, "विमानात बसल्या बसल्या करतो. तिथं कोन येते त्रास द्याले?"

मी पेपरची घडी घातली. सांगायचंच होतं, खरंच. पण कॉलेजात पोचले तेव्हा ती सगळ्यांना लॅपटॉपची नवी बॅग दाखवत होती. मला बघून म्हणाली, "अवं, आनखी काही पाह्यजे काय मले? तुले काही सुचते काय?"

मी म्हणाले, "नाही. सगळं तर घेतलं तू."

तिनं माझ्याकडची फोटोंची हार्डडिस्कही मागितली होती. मी म्हटलं, "दोन्ही एकाच बॅगेत कशाला? ही राहू दे माझ्यापाशी." हे ऐकायला शहाणपणाचं वाटतं. खरं कारण वेगळं होतं. ते फोटो माझे होते.

ती गेली. तिसऱ्या दिवशी सकाळी मी स्टाफरूममध्ये हजेरीपट घेत होते, तेव्हा फोन आला. तिकडे रात्र होती. ती रडत होती.

"लॅपटॉप चालूच नाही होऊन राह्यला वं. दुसऱ्या विमानात चढताना त्यायनं काढून घेतला, खोक्यात टाकला. कोनता तरी नियम आला म्हने. उद्या सकाळी माह्यं भाषन हाय. मी काय दाखवू?"

मला वाईट वाटलं. पण त्याच्याही आधी, अगदी क्षणभर, बरं वाटलं. तो क्षण मी आजवर कोणाला सांगितला नाही.

अर्धी रजा टाकली, मिळेल त्या गाडीनं अमरावती गाठली. कपाटातून हार्डडिस्क काढली आणि जेवणखाण सोडून स्लाइड करत बसले. शेकडो फोटोंतून चाळीस निवडले. तिच्या वहीतले आकडे मला तोंडपाठ होते. पहिल्या स्लाइडवर नावं टाकायची वेळ आली, तेव्हा मी माझं नाव आधी टाकलं. दुरुस्त करायला भरपूर वेळ होता. केलं नाही. तसंच ईमेलनं पाठवलं.

भाषण चांगलं झालं. परत आल्यावर ती थेट अमरावतीला माझ्या घरी आली, सोबत चॉकलेटचा डबा. चहा पिता पिता म्हणाली, "तुयं नाव तू पह्यलं टाकलं, बरं केलं. मलेच आधी सुचाले पाह्यजे होतं. तिथं सगळे फोटोचंच इचारत होते."

तिनं भांडण केलं असतं तर मी गप्प राहिले असते. ती भांडली नाही म्हणून माझ्या तोंडून निघून गेलं, "तो नियम मी पेपरात वाचला होता. तू जायच्या आधीच."

तिनं कप खाली ठेवला.

"मंग सांगतलं काहून नाही?"

"तू जाऊन राह्यली होती म्हणून."

 तिनं पर्स उचलली. "मले सांगतलं असतं त मी तुयीच डिस्क गळ्यात बांधून नेली असती," एवढं बोलून जिना उतरली.

त्या हंगामात ती शेतात आली नाही. स्टाफरूममध्ये कामापुरतं बोलायची. मी एकटीनं मोजणी करून पाहिली, पण फोटो काढताना आकडे चुकायचे आणि आकडे लिहिताना कोळी पळून जायचे. डिसेंबरात वही बंद केली. तो नियम तर तिकडे पावसाळ्यातच उठला होता.

पुढच्या वर्षी ऑगस्टमधल्या एका रविवारी मी धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, चप्पल काढत होते, तर ती समोरून आली. हातात नवी वही. नमस्कार नाही, चमत्कार नाही. "कोन्या ओळीपासून सुरू करतं?" तिनं विचारलं. मी बोट दाखवलं. दोन झाडं पुढं जाऊन ती वाकली आणि हळूच हाक मारली, "ये लवकर. हा आपल्यापाशी नाही." हिरवट पाठीचा, तांदळाच्या दाण्याएवढा कोळी, चार हंगामांत मला एकदाही न दिसलेला. तिला पहिल्याच दिवशी दिसला. परत जळले. मी गुडघे टेकले आणि कॅमेरा डोळ्याला लावला.