लाल गाडीची मागची सीट

“अरे, ती करडी घेऊन काय गावोगाव दूध घालणार आहेस का रे!”

दादा ओरडत होते. दादा म्हणजे माझे थोरले भाऊ, आणि त्यांचं ओरडणं म्हणजे धारच्या किल्ल्यावरची कबुतरं उडून थेट मांडूला जाऊन बसावीत असं. “इटलीची गाडी घेतोयस ना भिया? मग ती इटलीची दिसायला पाहिजे! लाल घे, लाल!”

बैठकीतल्या टेबलावर माझा मोबाइल, आणि मोबाइलात दोन मोटरसायकली. दोन्ही इटालियन, दोन्ही मी इंदूरला जाऊन चालवून पाहिलेल्या. आमच्या घरात सायकलीपासून कुठलंही वाहन दादांच्या होकाराशिवाय आलेलं नाही, म्हणून आम्ही नवराबायको देवासहून धारला येऊन बसलो होतो.

करडी उंच, हँडल सरळ, सीट गादीसारखी ऐसपैस, मागे दोन्ही बाजूंना सामानाच्या पेट्या. माझी रोजची नोकरीची टोंकखुर्दपर्यंतची ये-जा एका टाकीत आठवडाभर निघाली असती. दिसायला मात्र पंचायतीने वाटल्यासारखी. लाल म्हणजे पुढे वाकून बसायचं, सगळा भार मनगटांवर. सिग्नलला थांबलं की इंजिन मांड्यांवर पापड भाजणार. गंधवानीकडच्या एखाद्या खड्ड्यात उतरली, तर बाहेर काढायला बैल लागणार. मागची सीट देवघरातल्या सहाणेएवढी. पण आवाज! शोरूममध्ये ती सुरू केली आणि मी पंचवीस वर्षांचा झालो. शपथेवर सांगतो, टकलावर केस फुटल्याचंसुद्धा जाणवलं.

खरं तर गाडीची गोष्ट काढली होती बायकोने. तिने समुद्र पाहिलेला नव्हता. “ट्रेनने नको,” म्हणायची, “तुमच्या मागे बसून जायचंय. रस्ता बघत बघत.” लग्नानंतर स्कूटरवर आम्ही मांडूपर्यंत गेलो होतो, त्यापुढचा रस्ता मुलांनी, बदल्यांनी आणि तिच्या गुडघ्यांनी अडवून धरला. या वर्षी तिने स्वतःचं जाकीट आणलं, हेल्मेट आणलं. डोक्याला सवय व्हावी म्हणून ते घालून पोळ्या लाटायची. मी वाढवून सांगतो अशी माझी ख्याती आहे, पण हे वाढवलेलं नाही.

आता धारच्या घराची एक रीत सांगितली पाहिजे. धाकटी सून थोरल्या दिरासमोर बोलत नाही. देवासला ही शाळेची मुख्याध्यापिका, हिने “शांत!” म्हटलं की मैदानावरचे कावळेसुद्धा रांगेत बसतात. पण धारला आली की पदर डोक्यावर आणि ही माजघराच्या दारात. दादांना काही सांगायचं तर ते ती मला सांगणार, हळू आवाजात, आणि मी ते बैठकीत मोठ्याने सांगणार. दादाही तसेच. “सूनबाईंना विचार, चहा झाला का,” असं मला म्हणणार, ती चार हात अंतरावर उभी असताना. ही रीत कुणी घातली, कुणाला आठवत नाही. दादांना विचारलं तर म्हणतील, मी कुठे म्हटलंय बोलू नका. पण मोडत कुणीच नाही.

तर दादा ओरडत होते, आणि दारातून ती मला म्हणाली, “त्यांना विचारा ना, लालवर मागे माणूस बसू शकतं का? मला करडी बरी वाटते. माझे गुडघे वळायचे नाहीत हो त्याच्यावर.”

“काय म्हणतायत सूनबाई?” दादांनी विचारलं.

माझ्या कानात शोरूममधला तो आवाज घुमत होता. मी म्हणालो, “ती म्हणते, लालच छान दिसते.”

“बघ!” दादांनी मांडीवर असा हात मारला की भिंतीवरचं घड्याळ थांबलं असावं. “घरात एक तरी जण समजदार आहे!”

मी दाराकडे पाहिलं नाही. दादांच्या आरड्याओरड्यात तिला काही कळलं नसेल, असं मी ठरवून टाकलं. फार सोयीचं होतं ते. उभा जन्म मी वाढवून बोललो, कुणाचं काही गेलं नाही. या वेळी वाढवलं नाही, बदललं.

गाडी आली. तिने हळदकुंकू लावलं, नारळ वाढवला. देवासच्या चौकात लोक सेल्फी काढायला थांबायचे, आणि मी त्यांना सांगायचो की इटलीहून खुद्द कारखान्याच्या मालकाचा फोन आला होता. समुद्राला जायच्या आधी सराव म्हणून एका रविवारी सकाळी आम्ही कन्नौदला निघालो. पहिल्या ब्रेकला ती माझ्या पाठीवर आदळली. दुसऱ्या ब्रेकलाही. तिचे गुडघे माझ्या बरगड्यांपर्यंत आलेले. मी मात्र हेल्मेटमधून ओरडून सांगतोय, “बघ, कशी उडतेय!”



कन्नौदला चहाच्या टपरीपाशी ती म्हणाली, “थांबवा.” उतरताना तिचा उजवा पाय सरळच होईना. माझ्या खांद्याला आणि मग टाकीला धरून ती बराच वेळ वाकूनच उभी राहिली. टपरीवरच्या म्हाताऱ्याने न सांगता स्टूल आणून दिलं. गाडीभोवती माणसं जमली. “भिया, कितना देती है?” कुणीतरी विचारलं. जन्मात पहिल्यांदा मी खरा आकडा सांगितला.

माणसं पांगली. मी तिच्यासमोर उकिडवा बसलो आणि म्हणालो, “धारला तू मला जे सांगितलंस, ते मी दादांना सांगितलंच नाही. भलतंच सांगितलं.”

तिने हातमोजे काढले, एकात एक घातले.

“ऐकलं होतं मी तेव्हाच,” ती म्हणाली. “हेल्मेट धरा. देवासची बस किती वाजता आहे, ते विचारून येते.”